खाडी बंद

"सिग्नल, सिग्नल, कोंडवळची तर बोलतेय. अनंता, तूच हायस काय रे ड्युटीवर?"

लखूतात्याचा आवाज. कोंडवळची तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, तो चालवायचा. बंदराने त्याच्या होडीला हातातला वायरलेस दिला होता आणि त्यात तो नेहमी पलीकडच्या डोंगराला हाक मारल्यासारखा ओरडायचा. त्या दुपारी ओरडला नाही, म्हणून मी चहाचा पेला खाली ठेवला.

"मीच आहे, तात्या. बोला."

"पार व्हायला मिळंल काय आत्ता?"

"आत्ता नाही. जहाज बाहेर पडतंय. बावटा दिसत नाही का लाल?"

"दिसतोय रे." तो थांबला. "अनंता, मी सांगतो ते बसून ऐक. तुझ्या सासरवाडीचा पोरगा धावत आला होता. शालनला खाली आणतायत. अंगावरून जातंय तिच्या. लय जातंय."

मी बसलो नाही. खिडकीशी गेलो. तिथून काही दिसणार नव्हतं, तरी गेलो.

शालन माझी बायको. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, कोंडवळला गेली होती. आठवा सरत आला होता. आदल्या रविवारी मी जाऊन आलो तेव्हा ती ओटीवर बसून कोकमं फोडत होती आणि मला म्हणाली होती, "पुढच्या खेपेला येताना रिकाम्या हाताने येऊ नका, जिलबी आणा."

मुरवण्याची खाडी तोंडाशी अरुंद आहे. उत्तरेला बंदर, कोळशाचे ढीग, बाजारपेठ आणि मोठा दवाखाना. दक्षिणेला कोंडवळ. होडीने गेलं तर विडी संपायच्या आत माणूस पलीकडे. रस्त्याने जायचं तर खाडीच्या पार शेंड्याशी पूल होता आणि तिथवर नुसता चढ, उतार आणि खड्डे. जीपलासुद्धा अर्धा दिवस लागायचा. त्या रस्त्याने बाळंतिणीला कोणी नेत नसे.

माझी नोकरी उत्तरेच्या टेकडीवर, सिग्नलच्या खोलीत. काम असं की जहाज आत यायला किंवा बाहेर जायला निघालं, की काठीवर लाल बावटा चढवायचा आणि वायरलेसवर सांगायचं, खाडी बंद. मग कोणी होडी घालायची नाही. कोळशाने भरलेलं जहाज एकदा वाट दाखवणाऱ्या दोन तरंगत्या बोयांच्या मधून आत शिरलं की त्याला थांबता येत नाही, वळता येत नाही. आजूबाजूला गाळ आणि एका बाजूला कातळ. जहाजाचा स्वतःचा कप्तान असतो, पण आमच्या खाडीत त्याच्या शब्दावर जहाज चालत नसे. बंदराचा पायलट लाँचने बाहेर जायचा, दोराच्या शिडीने वर चढायचा आणि तो सांगेल तसं जहाज यायचं.

आमचे पायलट कॅप्टन सबनीस. उंच, कमी बोलणारे. त्या दिवशी एकाच भरतीवर त्यांची दोन कामं होती. धक्क्यावरचं रिकामं जहाज बाहेर सोडायचं आणि तिथूनच लाँचमध्ये उतरून, बाहेर नांगर टाकून थांबलेलं भरलेलं जहाज आत आणायचं.

मी त्यांना हाक मारली. "साहेब, सिग्नल बोलतोय. कोंडवळला एक पेशंट आहे. बाळंतपणाची. होडीने आणायची आहे."

"धक्क्यावर आहे का?"

"खाली आणतायत."

"हे जहाज बाहेर पडलं की बावटा उतरव. दुसऱ्यावर चढून त्याचा नांगर उचलेपर्यंत खाडी मोकळीच आहे. तेवढ्यात पार करा."

"बरं, साहेब."

एक पेशंट म्हणालो मी. माझी बायको म्हणालो नाही. वायरलेसवर घरचं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम होता आणि मी नियमाने बोलणारा माणूस. त्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

रिकामं जहाज दोन्ही बोयांच्या बाहेर गेलं. मी पळत जाऊन बावटा खाली ओढला. खोलीत येऊन हाक मारली, "तात्या, खाडी मोकळी. सुटा."

"सुटू कसा? आली कुठं खाली?"

"म्हणजे?"

"पाखाडीवर मध्येच हायत. खुर्चीत बसवून आणत होते. तिला चक्कर आली. खाली निजवलीय. आता खुर्ची सोडून घोंगडीची झोळी करतायत."

कोंडवळची घरं वर सड्यावर आणि धक्का खाली पाण्याशी. मध्ये ती पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्यांची, अर्ध्या झिजलेल्या. मी लग्नात त्याच पायऱ्यांवर घसरलो होतो आणि करवल्या हसल्या होत्या.

"घाई करा म्हणावं, तात्या!"

"मी इथनं काय सांगू? चौघं उचलतायत. सांडतील नायतर."

खाडी मोकळी होती. भरती चढत होती, पाणी तेलासारखं शांत, वर ऊन. एक साधं लाकूडही वाहत नव्हतं. इतकी मोकळी खाडी मी कधी बघितली नव्हती. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, आली का? आणि तात्या सांगत होता, नाय अजून. एकदा तो म्हणाला, "दिसायला लागले." मग म्हणाला, "नाय, ते गवताचे भारे हायत."

मग कॅप्टन सबनीसांचा आवाज आला.

"सिग्नल, पायलट चढलाय. नांगर सुटला. आत घेतोय. खाडी बंद कर. पेशंट पार झाला ना?"

"नाही, साहेब. अजून धक्क्यावर आली नाही. थोडं थांबता येईल का?"

"भरती उलटायला आली, डोर्लेकर. बुडाखाली हातभर पाणी राहतंय. आज नाही घेतलं तर पुढच्या उधाणापर्यंत बाहेर राहील. मी जातो धक्क्याकडे, मागून होडी सोड."

"साहेब, माझी बायको आहे ती."

वायरलेस खरखरला.

"आधी नाही का सांगायचंस?" ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "मी पहिल्या बोयाच्या आत आलोय. आता वळता येत नाही. थांबवलं तर गाळात बसेल. बावटा चढव."

मी बावटा चढवला. दुसरं कोणी नव्हतं तिथं. दोरी माझ्याच हातात होती आणि हात नीट चालत होते, याचा मला राग आला. वर जाऊन तो फडफडायला लागला आणि मी वायरलेसवर म्हणालो, "खाडी बंद. सर्वांना, खाडी बंद."

लगेच तात्या. "आली! आली रे खाली! आणि तू बंद करतोस?"

"जहाज आत शिरलंय, तात्या."

"किती वेळ?"

"धक्क्याला लागेपर्यंत. मोठं आहे, हळू येतंय. तात्या, कशी आहे ती?"

"कशी म्हणून काय सांगू? पांढरी झालीय. नर्सबाई हाय बरोबर. घोंगडी भिजलीय सगळी." त्याचा आवाज खाली आला. "नर्सबाई म्हणतात, इथं बसून राहायचं नाय. धक्क्याच्या जरा वर, रस्त्यावर, सरपंचाची जीप आलीय. रस्त्याने नेऊ म्हणतात."

"रस्त्याने? तात्या, त्या रस्त्याने ती..."

"मला काय कळत नाय? पण बसून काय करू? तू बंद केलीस, तूच सांग. नायतर मी घालतो होडी. जहाजाच्या नाकासमोरनं काढीन. पयल्यांदा नाय काढत."

ते खरं होतं. तात्याने पूर्वी दोनदा जहाजापुढून होडी काढली होती. एकदा तर बाजाराच्या दिवशी, आत बायकामाणसं, कोंबड्या, सगळं भरून. साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावून झापलं होतं आणि तो बाहेर येऊन म्हणाला होता, "जहाज मोठं असलं म्हणून काय खाडी त्याच्या बापाची?"

"तात्या, होडी घालू नका! त्याला थांबता येत नाही. सगळे मराल. थांबा तिथंच."

"थांब थांब काय करतोस मेल्या, इथं पोरगी जातेय!" मग कोणाशी तरी बोलल्यासारखा आवाज. "हां, हां. घे. ही घे, बोल. हे बटण दाबून बोल. अनंता, ती बोलते बघ."

मी कान लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"अहो."

"शालन! शालन, तिथंच थांब. जहाज गेलं की लगेच आणतो. थोडा वेळ. ऐकतेस ना? थांब तिथं."

"नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "येते मी."

आणि बटण सुटलं.

मी तात्याला हाका मारल्या. शालनला हाका मारल्या. उत्तर नाही. कोंडवळच्या धक्क्यावरून आमच्या काठीचं टोक तेवढं दिसतं, पण तो धक्का आमच्या खोलीतून दिसत नाही, मध्ये भगवतीच्या डोंगराचं नाक येतं. होडी त्या नाकाबाहेर येते तेव्हाच दिसते, आणि तेव्हा ती जहाजाच्या वाटेतच असते. इकडे जहाज दिसत होतं. काळं, खाली तांबडं, पाण्यात पार दबलेलं, आमच्या टेकडीएवढं. पुढे त्याला ओढणारी टग बोट. जहाज हळू वाटतं, पण ते हळू नसतं.

येते मी. थांब म्हणालो तर नाही म्हणाली आणि म्हणाली येते मी. माहेरची माणसं काय, नवरा काय, तिने एकदा ठरवलं की ठरवलं. आणि बरोबर तात्या. मला दिसलंच ते. होडीत घोंगडी, घोंगडीत ती, आणि तात्या सुकाणूवर दात खाऊन बसलेला.

"साहेब!" मी ओरडलो. "साहेब, थांबवा! होडी येतेय!"

"दिसतेय तुला?"

"दिसत नाही. नाकाच्या मागे आहे. निघाली ती. येते म्हणाली. तुम्ही ऐकलंत ना, साहेब? तुम्हाला ऐकू आलं ना?"

"ऐकलं."

मग ते गप्प झाले. ते गप्प झाले तेवढ्यात जहाज किती पुढं सरकलं ते मी बघत होतो.

"सिग्नल," ते म्हणाले. आवाज अगदी सरकारी. "पुन्हा सांग. होडी जहाजाच्या वाटेत आहे?"

"आहे, साहेब!"

"पूर्ण सांग."

"होडी जहाजाच्या वाटेत आहे!"

पुढचं त्यांनी इंग्रजीत जहाजावरच्या माणसांना सांगितलं. मग मी नांगराच्या साखळ्यांचा आवाज ऐकला. दोन्ही नांगर एकदम सुटले. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. गंजाचा तांबडा धुरळा वर उडाला. भोंगा वाजला, लांब, थांबेचना. जहाजाचं नाक खाली दबल्यासारखं झालं, मागची बाजू सरकत सरकत गाळाकडे गेली, पाणी चिखलाने काळं झालं, आणि तो एवढा डोंगर खाडीत तिरका उभा राहिला.

मी भगवतीच्या नाकाकडे बघत होतो. होडी बाहेर आली नाही.

मला वाटलं, उलटली.

"अनंता!" तात्याचा आवाज, आता पूर्वीसारखा ओरडणारा. "अनंता, जहाज थांबलं रे! थांबवलंस तू? पार होऊ काय?"

"तुम्ही कुठं आहात, तात्या? पाण्यात नाही?"

"पाण्यात कसा असेन? तूच नको म्हणालास ना! वर हाय, जीपपाशी. तिला आत घालीत होतो. भोंगा ऐकला म्हणून डोकावून बघितलं. पार होऊ काय, सांग!"

म्हणजे होडी सुटलीच नव्हती. ती जीपमध्ये बसत होती. आणि मी भरतीच्या डोक्यावर एक भरलेलं जहाज गाळात घालायला लावलं होतं. हे सगळं वायरलेसवर, पायलटच्या कानासमोर झालं होतं.

आता शिव्या येतील म्हणून मी वाट बघत होतो.

"सिग्नल," कॅप्टन सबनीस म्हणाले. "जहाज थांबलंय. खाडी उघड. होडी सोड."

"साहेब, होडी तर..."

"होडी सोड, डोर्लेकर. बावटा काढ."

मी बावटा काढला.

तिला पुन्हा घोंगडीत घालून खाली आणलं. या वेळी आधी दोनच माणसं धरायला होती, मग जीपचा ड्रायव्हरही आला. थोड्या वेळाने होडी नाकाबाहेर आली. एवढीशी. जहाजाच्या नाकाखालून, ताणलेल्या साखळ्यांच्या पुढून तात्याने ती काढली. जहाजावरची परदेशी माणसं कठड्याला ओणवून खाली बघत होती. मला होडीत काळी घोंगडी दिसली आणि तिच्यावर नर्सबाईंची पांढरी छत्री उघडलेली. ऊन लागू नये म्हणून. चेहरा दिसला नाही.

मला खाली जाता येत नव्हतं. जहाज गाळात, टग ओढतायत, धक्क्यावरून ऑफिस विचारतंय काय झालं, आणि सिग्नलवर मी एकटा. बदलीचा माणूस टेकडी चढून येईपर्यंत मी तिथं उभा राहून सगळ्यांना उत्तरं दिली. काय दिली ते आठवत नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तात्या बाहेरच्या पायरीवर बसला होता. लेंगा गुडघ्यापर्यंत रक्ताने माखून वाळलेला.

"शालन हाय," तो म्हणाला. आणि मी आत धावायला लागलो तसा माझा हात धरून म्हणाला, "पोर नाय राहिलं, अनंता. मुलगी होती."

शुद्धीवर आल्यावर शालनने आधी मुलीचं विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून राहिली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी तिला पेज भरवत होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

"येते म्हणालीस तू. मला वाटलं, होडीत बसलीस."

"होडीत कुठं? जीपकडे उचलत होते मला." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी निघाले होते हो. त्या रस्त्याने पोचायची नाही, हे मला कळत होतं. तुमची गाठ पडणार नव्हती. म्हणून सांगितलं, येते. जाते कसं म्हणू?"

मी वाटी खाली ठेवली. आमच्यात कोणी जाते म्हणत नाही. उंबऱ्यावरून पाय बाहेर टाकताना येते म्हणायचं, आणि आतल्याने ये म्हणायचं. जन्मभर ऐकलेला शब्द, आणि त्या दिवशी मला त्याचा एकच अर्थ लागला.

पुढे चौकशी झाली. जहाजाचं सुकाणू मोडलं होतं, बूड चेपलं होतं. चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले, त्यांना मराठी येत नव्हतं. मी जे झालं ते सरळ सांगितलं. बायको येते म्हणाली, मला वाटलं होडी निघाली.

"'येते' का मतलब?" त्यांनी विचारलं.

शेजारी बसलेल्या कारकुनाने सांगितलं, "आ रही है, सर."

"तो फिर ठीक है. औरत ने बोला आ रही है. और नहीं आयी." ते सबनीस साहेबांकडे वळले. "आपने भी सुना?"

"सुना," साहेब म्हणाले.

"क्या सुना?"

"आ रही है."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, माझी नोकरी जाऊ नये म्हणून बोलले. माझी नोकरी गेली नाही. त्यांना मात्र बोल लागला. होडी नाकाबाहेर दिसेपर्यंत थांबायला हवं होतं, दोन्ही नांगर एकदम टाकायला नको होते, असं काय काय कागदावर आलं. सहा महिने त्यांना जहाजावर चढू दिलं नाही. मग ते बदली घेऊन दुसऱ्या बंदराला गेले. जाताना भेट झाली नाही.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. शालन वाचली ती मात्र चांगली खणखणीत वाचली. बावीस वर्षं माझ्याशी भांडली. बाजारात निघाली की पिशवी हातात घेऊन दारात उभी राहायची आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणायची, "जाऊन येते हं! नीट ऐका. आधी जाते, मग येते. नाहीतर घालाल एखादं जहाज गाळात." लखूतात्या असेपर्यंत तो मुद्दाम विचारायचा, "काय गं शालन, तुझं जाणं का येणं?" आणि ती त्याला म्हणायची, "तात्या, तुमची होडी आधी नाकाबाहेर काढा." मुलीचं ती कधी बोलली नाही. दर वर्षी त्या दिवशी तेवढी कोणाशीच बोलायची नाही.

मागच्या पावसाळ्यात तिची मूत्रपिंडं गेली. शेवटी श्वासाला त्रास व्हायला लागला, म्हणून दवाखान्यात आतल्या खोलीत नेत होते. मी ढकलगाडीच्या बाजूने चालत होतो. दारापाशी मला थांबवलं. तिने तोंडावरची नळी हाताने बाजूला केली.

"अहो. येते मी."

जाऊन येते नाही. नुसतं येते. तोच बारीक, स्वच्छ आवाज. या वेळी मला बरोबर समजलं. ये म्हणायचं असतं. माझ्या तोंडातून शब्द आला नाही. दार लागलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी दुपारी फाटक वाजलं. काठी टेकत एक म्हातारा माणूस आत आला. उंची तेवढी ओळखीची होती.

"डोर्लेकर ना? मी सबनीस. पेठेत कळलं."

मी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. ते तिच्या फोटोकडे बघत बसले.

"मी त्यांना कधी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "आवाज तेवढा ऐकलेला."

"तुम्हाला फार भोगावं लागलं, साहेब. माझ्या ऐकण्यात घोटाळा झाला."

"तुला खरंच वाटलं होतं, होडीत बसल्या म्हणून?"

"खरंच. देवाशपथ."

"मला नाही वाटलं."

मी त्यांच्यासमोर बसलो.

"माझी आई अशीच म्हणाली होती," ते म्हणाले. "मी बोटीवर नोकरीला निघालो होतो, आणि येते ती म्हणाली. दारात मी उभा आणि अंथरुणावर ती. मला कळलं नाही. मी म्हणालो, अगं तू कुठं येतेस? निघतोय तर मी. परत आलो तेव्हा ती नव्हती." ते पाणी प्यायले. "तुझी बायको बोलली तेव्हा मला लगेच कळलं. बाई निरोप घेतेय. रस्त्याने निघालीय. होडी नाही, काही नाही."

"मग थांबवलंत कसं?"

"माणूस आजारी आहे म्हणून जहाज गाळात घालता येत नाही, डोर्लेकर. होडी आडवी आली म्हणून घालता येतं. मी त्याच विचारात होतो, काय करू. आणि तू ओरडलास, होडी येतेय. म्हणून तुझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. शेजारी जहाजाचा कप्तान उभा होता, त्याला ऐकू जायला हवं होतं."

बाहेर माडाची झावळी घासत होती. बावीस वर्षं मी समजत होतो, माझ्या चुकीने ती वाचली.

"तिला हे माहीत नव्हतं, साहेब," मी म्हणालो.

"नकोच होतं माहीत. जगल्या ना?"

"जगली."

"बस मग."

ते काठीवर भार देऊन उठले. चहा नको म्हणाले, रिक्षा थांबली होती. फाटकापाशी जाऊन मागे वळले.

"येतो मी."

"या, साहेब," मी म्हणालो.

रिक्षाचा आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग आत आलो. खुर्ची जागेवर ठेवली, पेला उचलला. फोटोसमोर उभा राहिलो.

"ये," मी म्हणालो.